रोगकारक जिवाणूंबरोबर काम करताना: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जुलैत नवी मुलं प्रयोगशाळेत येतात. कुणी डिचोलीहून, कुणी पेडण्याहून, कुणी काणकोणहून दोन बस बदलून. छत्र्या दाराशी निथळत असतात, अ‍ॅप्रन कोरे असतात आणि प्रश्न दर वर्षी बहुतेक तेच असतात. काही प्रश्न पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारले जातात. काही मात्र आठवड्याभराने, मला एकटीला गाठून, हळू आवाजात. हे दुसरे प्रश्न जास्त महत्त्वाचे, म्हणून त्यांची उत्तरं इथे अधिक सविस्तर दिली आहेत. गोव्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत इतकी वर्षं हात घालून काम केल्यावर जे खात्रीने सांगता येतं, तेवढंच लिहिते आहे.

‘रोगकारक’ म्हटलं की नेमकं किती घाबरायचं?

जिवाणू कुठला, यावर ते अवलंबून आहे. धोक्यानुसार सूक्ष्मजीवांचे चार गट करतात. पहिल्या गटातले निरोगी माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. शिकवण्यासाठी वापरतात तो ई. कोलायचा के-१२ हा वाण त्यातला. दुसऱ्या गटातले आजार करतात, पण त्यावर उपचार असतात: शिगेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, पटकीचा व्हिब्रिओ. तिसऱ्या गटातले गंभीर आजार करतात आणि त्यातले बरेच श्वासावाटे शरीरात शिरू शकतात: क्षयाचा जिवाणू, ब्रुसेला, प्लेगचा यर्सिनिया. चौथा गट इबोलासारख्या विषाणूंचा, तो आपला विषय नाही.

गट जिवाणूचा असतो आणि सुरक्षेची पातळी कामाची असते, हा फरक सुरुवातीलाच समजून घ्या. तोच जिवाणू प्लेटवर, म्हणजे आगार ओतलेल्या चपट्या बशीत, चार वसाहतींच्या (जिवाणूंच्या ठिपक्यांच्या) रूपात असणं वेगळं आणि एक लिटर फ्लास्कमध्ये वाढवून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या जोरात फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवणं वेगळं. दुसऱ्या कामात धोका कितीतरी वाढतो. म्हणून ‘हा दुसऱ्या गटातला आहे’ एवढ्यावर थांबू नका. आज मी त्याचं काय करणार आहे, हा प्रश्न रोज सकाळी स्वतःला विचारा.

आम्ही रुग्णांचे नमुने घेतच नाही. झुवारी नदीचं पाणी, कालवं, खाजन शेतातली माती एवढंच आमचं काम. मग हे नियम आम्हाला कशाला?

हा प्रश्न गोव्यात फार ऐकू येतो, कारण इथलं निम्मं काम समुद्राचं आणि मातीचं आहे. पण खाडीच्या पाण्यात आणि शिंपल्यांत व्हिब्रिओ नैसर्गिकरीत्याच राहतात. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस जुलाब-उलट्या घडवतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकस जखमेतून शिरला आणि त्या माणसाचं यकृत आधीच दुखावलेलं असलं, तर जिवावर बेतू शकतं. टीसीबीएस आगारवर (व्हिब्रिओ वाढवायच्या खास माध्यमावर) एक हिरवी वसाहत आणि तिच्या शेजारी एक पिवळी वसाहत शांतपणे उगवलेली दिसते. पिवळी कदाचित पटकीच्या जिवाणूची असेल, कदाचित नसेल. ओळख पटेपर्यंत ती आहे असंच धरून चालायचं.

मातीच्या बाबतीत आणखी सावध राहा. बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय हा मेलिऑयडोसिस या गंभीर आजाराचा जिवाणू माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो. आपल्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, त्याचे रुग्ण अनेक वर्षांपासून नोंदले जात आहेत. तो तिसऱ्या गटातला आहे. त्यामुळे इथल्या भातशेतीच्या मातीतून अनोळखी जिवाणू वेगळा केला असेल, तर त्याची प्लेट उघड्या टेबलावर हाताळायची नाही. आमचा नियम साधा आहे: निसर्गातून आलेला प्रत्येक अनोळखी जिवाणू ओळख पटेपर्यंत किमान दुसऱ्या गटातला.

प्लेटचा वास घेऊन जिवाणू ओळखता येतो म्हणतात. घ्यावा का?

अजिबात नाही. जुन्या पिढीतले काही जण घ्यायचे, आणि त्यांच्याकडून ही सवय पुढे आली. ब्रुसेला आणि बर्कहोल्डेरिया या दोघांची लागण प्रयोगशाळेत होण्याचा हा अगदी ठरलेला मार्ग आहे. नाकाजवळ नेलेलं झाकण उघडं असतं आणि श्वास आत ओढला जात असतो, आणखी काही घडावं लागत नाही. कुणी कौतुकाने ‘वास बघ’ म्हणालं, तर नाही म्हणा. समोर कितीही ज्येष्ठ व्यक्ती असली तरी.

प्रयोगशाळेत संसर्ग होतो तो बहुतेक अपघातांतूनच ना?

मलाही पूर्वी तसंच वाटायचं. १९७६ साली अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पाइक यांनी प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या वीस टक्क्यांहून कमी प्रकरणांत ठळक अपघात सापडला होता. बाकीच्यांत काही फुटल्याची, टोचल्याची किंवा सांडल्याची नोंद नव्हती. बहुतेक माणसं रोजच्यासारखं काम करत असावीत.

म्हणून रोजच्या कामाकडे बारकाईने पाहावं लागतं. कल्चरने, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंनी, भरलेली लूप (टोकाला कडं असलेली तार) ओलीच ज्योतीत धरली की ‘चर्र’ असा आवाज येतो. त्या आवाजाबरोबर न जळलेले जिवाणू असलेले सूक्ष्म थेंब हवेत उडतात. पिपेटमधला शेवटचा थेंब जोराने फुंकून काढला की बुडबुडा फुटतो आणि पुन्हा थेंब उडतात. व्हॉर्टेक्सवरून (नळी गरगर ढवळणाऱ्या यंत्रावरून) उतरवलेली नळी लगेच उघडली, सेंट्रिफ्यूज थांबताक्षणी झाकण उचललं, तरी तेच. हे थेंब इतके बारीक असतात की दिसत नाहीत, आणि बराच वेळ हवेत तरंगत राहतात. दुसरा मार्ग हात-तोंडाचा. शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी हगवण लागू शकते. पेन दाताखाली धरायची सवय असेल तर ती आजच मोडा.

आमच्याकडे लॅमिनार आहे. त्यात रोगकारक जिवाणूंचं काम करता येईल?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा असं मला फार मनापासून वाटतं. बोलताना आपण गाळलेल्या हवेच्या सगळ्याच कपाटांना ‘लॅमिनार’ म्हणतो, आणि तिथेच घोटाळा होतो. आडव्या प्रवाहाचं लॅमिनार मागच्या फिल्टरमधून स्वच्छ हवा पुढे, म्हणजे तुमच्या तोंडावर सोडतं. ते तुमच्या माध्यमाला बुरशीपासून वाचवतं. प्लेटवर जे आहे ते मात्र तुमच्या दिशेने ढकलतं. ऊतीसंवर्धनासाठी ते उत्तम आहे, साल्मोनेलासाठी धोक्याचं.

रोगकारक जिवाणूंसाठी लागतं ते दुसऱ्या वर्गाचं जैवसुरक्षा कॅबिनेट. त्यात समोरच्या फटीतून हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत ओढली जाते, पुढच्या जाळीतून खाली जाते आणि हेपा फिल्टरमधून गाळली जाते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. त्याहून लहान आणि मोठे कण तर त्याहीपेक्षा चांगले अडतात.

पण ही संरक्षक हवा फार नाजूक असते. अर्धा मीटर वेग म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकाही नाही. एप्रिलच्या उकाड्यात कुणीतरी छताचा पंखा लावतो आणि हवेचा पडदा तिथेच फाटतो. मागून कुणी झपझप चालत गेलं, एसीचा झोत समोर आला किंवा वही पुढच्या जाळीवर ठेवली, तरीही फाटतो. कॅबिनेट सुरू करून किमान पाच मिनिटं थांबा. हात आत घातल्यावर मिनिटभर स्थिर ठेवा, मगच कामाला लागा. जाळीपासून वीतभर आत काम करा. स्वच्छ वस्तू एका बाजूला, वापरलेल्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे पिपेटची वापरलेली टिप स्वच्छ प्लेटवरून न्यावी लागणार नाही. आत बर्नर पेटवू नका: त्याच्या उष्णतेने हवेचा प्रवाह बिघडतो आणि फिल्टरही धोक्यात येतो. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या लूप मिळतात, त्या घ्या. आणि वर्षातून एकदा कॅबिनेट तपासून प्रमाणित करून घ्यायचंच. पंख्याचा आवाज येतो म्हणजे हवा बरोबर वाहते आहे असं होत नाही.

काम चालू असताना वीज गेली तर?

पावसाळ्यात हे होणारच. वीज गेली त्या क्षणी कॅबिनेट म्हणजे नुसतं कपाट. चाललेलं काम पूर्ण करायच्या मोहात पडू नका. नळ्यांना झाकणं लावा, प्लेटा बंद करा, ग्लोव्ह्ज आतच काढा, काच खाली ओढा, हात धुवा आणि बाहेर या. वीज परत आल्यावर पुन्हा पाच मिनिटं.

ग्लोव्ह्ज घातले की हात सुरक्षित ना?

हात सुरक्षित, बाकी सगळं असुरक्षित. ग्लोव्ह्ज घालून तुम्ही दाराची मूठ धरता, फ्रिज उघडता, चष्मा वर सरकवता, मोबाइलवर घड्याळ बघता. मग ग्लोव्ह्ज काढून तोच मोबाइल गालाला लावता. आमच्याकडे मोबाइल दारापाशी पेटीत राहतो. वेळ लावायला साधा टायमर आहे, तो रोज संध्याकाळी पुसला जातो.

घरच्यांना माझ्यामुळे काही होईल का?

हळू आवाजात विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच. घरी म्हातारी आजी असते, बहिणीचं तान्हं बाळ असतं, त्यामुळे काळजी वाटणं योग्यच आहे.

होऊ शकतं. अमेरिकेत २०१०-११ मध्ये साल्मोनेला टायफीम्युरियमची साथ आली. ३८ राज्यांत १०९ जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. माग काढता काढता तपास पोहोचला तो सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत, त्यांत विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्रयोगशाळाही होत्या. प्रयोगशाळेत कधी पाऊलही न टाकलेली लहान मुलंही आजारी पडली होती. जिवाणू मोठ्यांबरोबर घरी आला होता. वही, पेन, अ‍ॅप्रन, दप्तर, गाडीची किल्ली या सगळ्यांवरून तो प्रवास करू शकतो.

म्हणून प्रयोगशाळेची वही प्रयोगशाळेतच राहते. तिथलं पेन तिथेच. अ‍ॅप्रन घरी धुवायला न्यायचा नाही. तो आधी ऑटोक्लेव्ह होतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होतो, मग धुतला जातो. पावसाळ्यात अ‍ॅप्रन लवकर वाळत नाहीत, म्हणून प्रत्येकासाठी तीन ठेवावेत, असं मी संस्थेला दर वर्षी लेखी कळवते. निघण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुवा, नखांच्या कडा आणि अंगठ्याचं मूळ विसरू नका. एवढं नेमाने केलंत तर घरच्या माणसांबद्दल धास्ती बाळगायचं कारण उरत नाही.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) किती तीव्रतेचा आणि किती वेळ?

सांडलेलं पुसायला आणि डिस्कार्ड जारसाठी (वापरलेल्या वस्तू टाकायच्या बरणीसाठी) १ टक्का. बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. किमान तीस मिनिटं. रोज सकाळी नवा करायचा, कालचा ओतून द्यायचा. उष्णता आणि उजेड यांनी क्लोरीन उडून जातो, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर. रक्त, आगार, मांसाचा अर्क यांतही तो खर्च होतो, म्हणून जार काठोकाठ भरू द्यायचा नाही. अ‍ॅसिडशी कधी मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. हायपो टाकलेली वस्तू ऑटोक्लेव्हमध्येही घालायची नाही.

बाटलीवरची तारीख पाहायचा कंटाळा करू नका. चीनमधल्या लांझोऊ शहरात २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्याने मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं. बाहेर जाणाऱ्या हवेतले जिवाणू पूर्ण मेले नाहीत, वाऱ्याबरोबर ते वस्तीत गेले, आणि नंतरच्या तपासण्यांत दहा हजारांहून अधिक लोकांमध्ये लागणीच्या खुणा सापडल्या.

पृष्ठभाग पुसायला ७० टक्के अल्कोहोल चालतं. ९५ टक्के जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, आणि तीव्र अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. बॅसिलसच्या बीजाणूंना मात्र अल्कोहोल मारत नाही.

ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा आल्या. म्हणजे झालं ना?

टेप तापली एवढंच त्यावरून कळतं. माध्यमाला १२१ अंश आणि पंधरा पौंड दाबावर पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. प्लेटांनी गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोहोचायलाच वेळ लागतो. कचऱ्याला म्हणून पाऊण तास ते एक तास द्यावा, पिशवीचं तोंड सैल ठेवावं, आणि ती दोन तृतीयांशच भरावी. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची: त्यांची कुपी पिशवीच्या मध्यभागी ठेवायची आणि नंतर उबवून बघायचं. वाढ झाली, तर तो कचरा जिवंत आहे.

आणि त्यानंतर तो कचरा कुठे?

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कल्चर आणि प्लेटा आधी जागेवरच निर्जंतुक करायच्या, मग पिवळ्या पिशवीत. सुया आणि पाती पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही. तसं करताना सुई सहज टोचते.

कल्चर सांडलं तर पहिलं काय करू?

श्वास रोखा, शेजारच्यांना मोठ्याने सांगा आणि बाहेर या. कॅबिनेटच्या बाहेर सांडलं असेल तर दार बंद करून अर्धा तास कुणी आत जायचं नाही. उडालेले थेंब खाली बसू द्यायचे. मग अ‍ॅप्रन, ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून आत जा. सांडलेल्यावर टिपकागद पसरा. हायपो कडेकडेने सुरुवात करून मध्याकडे ओता. वरून धार धरली तर पुन्हा थेंब उडतात. अर्धा तास थांबा. काचा चिमट्याने उचला, हाताने नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला, तर यंत्र बंद करा, झाकण तीस मिनिटं तसंच ठेवा.

सुई टोचली किंवा काही फुटलं आणि कुणाला कळलं नाही, तर सांगायलाच हवं का? सर रागावतील.

हळू आवाजातला दुसरा प्रश्न. याचं उत्तर मी स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगाने देते.

मी शिकत असताना एका प्रयोगशाळेत विषमज्वराच्या जिवाणूंचं काम चाले. सेंट्रिफ्यूजमध्ये एक नळी तडकली. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने झाकण लगेच उघडलं, आम्ही दोघांनी मिळून कापसाने आतलं पुसलं, आणि ‘वर कळवायला नको’ असं ठरलं. तिथे झालेली चूक नोंदवली की सगळ्यांसमोर बोलणी बसत. दोन आठवड्यांनी मला ताप आला. जुलै महिना होता, मी डिचोलीला घरी होते. डॉक्टरांनी मलेरिया पाहिला, डेंगी पाहिला, आमची भातशेती आहे म्हणून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पाहिला. पावसाळ्यात गोव्यात कुठलाही चांगला डॉक्टर हेच पाहील. मी नळीबद्दल बोलले नाही, कारण त्या पुसण्याचा आणि तापाचा संबंध मी मनातही जोडायला तयार नव्हते. आठव्या दिवशी रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू सापडला. ते आठ दिवस आई उशाशी बसून होती. एका वाक्याने ते वाचले असते.

टोचलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, पिळू नका, चोखू नका. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा. मग लगेच सांगा आणि नोंदवहीत लिहा: जिवाणू, वाण, त्याच्यावर कोणती प्रतिजैविकं चालतात, वेळ. पाकिटात एक कार्ड ठेवा, ‘मी या जिवाणूंवर काम करते.’ ताप आला की डॉक्टरांपुढे पहिल्यांदा ते ठेवा. प्रकृती अचानक बिघडली तर १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या माणसांनाही दाखवा. आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: नोंद करणाऱ्या मुलावर आवाज चढवू नका. तो पुन्हा सांगणार नाही.

मला मधुमेह आहे. किंवा मी गरोदर आहे. सांगावं का?

जैवसुरक्षा अधिकाऱ्याला किंवा संस्थेच्या डॉक्टरांना खासगीत सांगा. मेलिऑयडोसिस मधुमेह असलेल्यांना जास्त गाठतो, लिस्टेरिया पोटातल्या बाळाला इजा करतो. कामाची वाटणी बदलता येते.

‘कमजोर केलेला वाण आहे’ यावरही विसंबू नका. शिकागोत २००९ साली प्लेगच्या कमजोर वाणावर काम करणारे एक संशोधक त्याच जिवाणूच्या संसर्गाने गेले. त्या वाणाची लोह मिळवण्याची क्षमता काढून टाकलेली होती. पण त्या संशोधकांच्या शरीरात एका आनुवंशिक विकारामुळे लोह साठत होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. जिवाणूत जे उणं होतं, ते त्याला शरीरात मिळालं असावं, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे.

लस घेतली की झालं?

विषमज्वराची आणि हिपॅटायटिस बीची लस कामानुसार जरूर घ्या. विषमज्वराची लस पूर्ण संरक्षण देत नाही, म्हणून कामाची पद्धत तीच राहते.

चवथीला आठवडाभर गावी जायचं आहे. प्लेटा इन्क्युबेटरमध्ये राहिल्या तर चालतील?

नाही. सुटीपूर्वी साठ्याचं कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना जायला हवं आणि बाकी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. दमट हवेत कागदी लेबलं सुटून पडतात, आणि सुटीनंतर नाव नसलेल्या प्लेटा हातात येतात. प्लेटच्या तळावर लिहा, कारण झाकणं अदलाबदल होतात. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते हेही लक्षात ठेवा.

बांबोळीहून ताळगावला कल्चर न्यायचं आहे. जवळच तर आहे, पिशवीतून नेऊ?

जवळ असलं तरी नाही. तिहेरी पॅकिंग लागतं: न गळणारी नळी, भोवती सगळं शोषून घेईल इतका कापूस, मग न गळणारा दुसरा डबा, मग टणक पेटी. बाहेर लेबल आणि संपर्क. कदंब बसच्या गर्दीत मांडीवर ठेवलेल्या पिशवीतून कल्चर नेणं शेजारी बसलेल्या अनोळखी माणसावर अन्याय आहे.

परवानगी कोणाची घ्यायची?

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, काम सुरू करण्याआधी. घातक सूक्ष्मजीवांसाठी १९८९ चे नियम आहेत, ते १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली येतात. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समितीकडे मागून घ्या आणि वाचा.

पहिल्या दिवशी मला काय करायला देतील?

लाल रंगाचं पाणी. टेबलावर पांढरा टिपकागद पसरतो, अ‍ॅप्रनवर पांढरा कागद लावतो, आणि तुम्ही त्या पाण्याने पूर्ण प्रयोग करता: पिपेटने काढणं, मिसळणं, नळ्या बदलणं, टिपा टाकणं. शेवटी कागदावरचे लाल ठिपके आपण दोघं मिळून मोजतो. पहिल्यांदा बहुतेकांचे भरपूर निघतात, बाहीवर आणि कधी मास्कवरही. मग पुन्हा करायचं. सलग तीन वेळा कागद कोरा राहिला की के-१२, आणि त्यावर महिनाभर हात बसला की रोगकारक कल्चरच्या फ्रिजची किल्ली.